चाळीस हजार खुर्च्यांची हॉकी

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून रोजनिशी. टॅमरॅक कॉलेजच्या इतिहासात मोठी गोष्ट घडणार आहे, आणि ती घडवणाऱ्यानेच लिहून ठेवलेली बरी.

मुलींच्या आइस हॉकी टीमची शेवटची मॅच फेब्रुवारीत फुटबॉल स्टेडियममध्ये, उघड्यावर. कल्पना माझी; कॉलेजच्या तिकिटांचं आणि जाहिरातीचं काम मीच बघतो. कोस्केला मॅडमनी, म्हणजे आमच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांनी, विचारलं, किती लोक येतील? मी म्हणालो, चाळीस हजार. त्यांनी विचारलं, गावाची लोकसंख्या किती? मी म्हणालो, अकरा हजार. त्या कॉफी प्यायल्या. मी तो होकार धरला.

रात्री जेवताना ब्रिटाला सांगितलं. आमची मुलगी, टीमची गोलकीपर, यंदा शेवटचं वर्ष. ती म्हणाली, बाबा, चार वर्षांत तू माझी एकही मॅच बसून पाहिलेली नाहीस. मी म्हणालो, हा आरोप खोटा आहे, मी प्रत्येक मॅचला हजर होतो. ती म्हणाली, हजर होतास रे. कधी प्रेक्षकांत टी-शर्ट उडवत होतास, कधी लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या, एकदा तर अख्खा वेळ पॉपकॉर्नच्या मशीनशी भांडत होतास. ही शेवटची मॅच आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत खुर्चीत बस, एवढंच. मला गोलमधून दिसला पाहिजेस.

तिचा आवाज जरा कापला. मी शब्द दिला.

ठराव: खुर्ची सोडायची नाही. काहीही झालं तरी.

शुक्रवार, १० जानेवारी

पोस्टर तयार. मजकूर: ‘थंडीला घाबरता काय?’ लॉर्नाला दाखवलं. बायको म्हणाली, अरे गॉर्डी, इथले लोक गोठलेल्या तळ्यावर खुर्ची टाकून दिवसभर मासे धरतात, त्यांना तू हे विचारणार? बदललं. नवा मजकूर: ‘या, नाहीतर पस्तावाल.’ ती म्हणाली, ही आता वीज कंपनीची नोटीस वाटते. तिला जाहिरातीतलं कळत नाही. छापायला दिलं.

गुरुवार, १६ जानेवारी

तिकीटविक्री सुरू. दोनशेच्या आसपास गेली. त्यातली बहुतेक खेळाडूंच्या आईवडिलांनी घेतली. उरलेली एका आजोबांनी चुकून फुटबॉलची समजून घेतली, ते परत करायला आले होते. मी समजूत काढून पाठवलं.

काळजी नाही. मागणी आहे, फक्त ती लोकांच्या अजून मनात आहे.

सोमवार, २० जानेवारी

आमच्यासाठी पहिली रांग राखली. अगदी मधोमध. लॉर्ना हॉकीवाल्या घरातली. ती म्हणाली, पहिल्या रांगेतून तुला बर्फाच्या रिंकभोवतीच्या फळ्या दिसतील आणि बदली खेळाडूंची ढुंगणं. वरच्या रांगा घे. मी अकरा वर्षं फुटबॉलची तिकिटं विकतो आहे. तिला शांतपणे समजावलं की जवळचं ते जवळचं. ती म्हणाली, बरं, बघत बस फळ्या.

शनिवार, २५ जानेवारी. रात्री

सकाळी अंघोळीत सुचलं! आमचे लोक हॉकीला येतील न येतील, पण पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून, शेगडी पेटवून सॉसेज भाजायचं म्हटलं की मेलेले उठून येतात. म्हणून: भव्य सॉसेज स्पर्धा! पहिलं बक्षीस बर्फावरून पळणारी नवीकोरी स्नोमोबाइल, गावातल्या एका दुकानदाराकडून फुकट मिळवली आहे. एका गाडीच्या पार्किंगसोबत मॅचची चार तिकिटं घ्यावीच लागतील.

नियम: निकाल लागेपर्यंत शेगडी पेटती हवी आणि सगळी टीम शेगडीजवळ हवी. निकाल मॅचच्या शेवटच्या भागात. म्हणजे मध्येच उठून कोणी घरी पळणार नाही. परीक्षक सर्वानुमते मी. (बैठकीला मी एकटाच होतो.)

गुरुवार, ३० जानेवारी

पार्किंग फुल्ल! तीन जिल्ह्यांतून गाड्या येताहेत. तिकिटं वीस हजारांच्या वर. कोस्केला मॅडम (त्या मला आडनावानेच हाक मारतात) म्हणाल्या, ग्लेन्व्हिक, ही माणसं शेगडीजवळ असणार की स्टेडियममध्ये? मी म्हणालो, दोन्हीकडे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भारावून गेल्या असाव्यात.

लॉर्नाने विचारलं, आणि परीक्षक तू, तर मग खुर्चीत कोण बसणार? मी म्हणालो, मीच, त्यात काय. हे बायकांचं उगाच खुसपट काढणं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

एक धोका वेळीच लक्षात आला. आत आलेले लोक सॉसेजच्या वासाने बाहेर पळतील. म्हणून नवा नियम: एकदा बाहेर गेलं की परत आत नाही. तिकिटावर लाल अक्षरात छापला. मुख्य गेटवर अर्विड असतो, निवृत्त फौजी. त्याला बजावलं की गव्हर्नर आले तरी सोडायचं नाही. त्याने विचारलं, साहेब, तुम्हाला? मी म्हणालो, मलाही. त्याचा चेहरा इतका खुलला की बघून मलाच बरं वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मैदानाच्या मधोमध रिंक तयार. बर्फ काचेसारखा. ब्रिटाने सराव केला. सांगत होती, वाऱ्याने हॉकीची चकती भलतीकडेच वळते, आणि रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटते. मग म्हणाली, येशील ना रे बाबा? मी म्हणालो, अगं, मॅच माझी, मीच नाही आलो तर कोण येणार? ती म्हणाली, तीच तर भीती आहे.

पोरीला ताण आलाय. झोपायला सांगितलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी. सकाळी

लख्ख ऊन, शून्याखाली पारा. पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नाही. शेगड्यांचा धूर थेट चर्चच्या मनोऱ्यापर्यंत. एका माणसाने अख्खं डुक्कर आणलं आहे. मन भरून आलं. हे सगळं मी केलं.

त्याच दिवशी. मॅचला दहा मिनिटं

खुर्चीत बसलो आहे. शब्द म्हणजे शब्द. पहिल्या रांगेतून एकूण दृश्याचा आवाका येत नाही, म्हणून (फळ्यांमुळे नव्हे) तिसाव्या रांगेत आलो. लॉर्ना हसत शेजारी बसली.

स्टेडियममध्ये सध्या तीनेकशे माणसं. बाहेर मात्र जत्रा. आमच्या टीमचा मूस, म्हणजे त्या मोठ्या शिंगांच्या हरणाचा पोशाख घालून नाचणारा विद्यार्थी, बिअर पिऊन पार्किंगमध्ये आडवा झाल्याचा निरोप आला. आता एवढ्या माणसांना आत कोण आणणार? माझ्याशिवाय आहे कोण? पोशाखात कोट मावणार नाही, म्हणून तो खुर्चीवर ठेवतो आहे, जागा राखायला. लॉर्नाने चारी बाजूंच्या रिकाम्या खुर्च्यांकडे नजर टाकली. म्हणालो, दोन मिनिटांत आलोच.

शनिवार. रात्री

मूस झालो. पार्किंगभर नाचलो. लोक खूश. टाळ्या वाजवत होते, मूसच्या तोंडातून आत सॉसेज कोंबत होते. मी गेटकडे शिंगं हलवून हलवून सगळ्यांना बोलावलं. एक बाई म्हणाली, मूसभाऊ, शेगडी सोडली तर आम्ही बाद होतो, नियम वाचा की जरा. नियम काटेकोर लिहिला गेला होता, हे मान्य करावं लागेल. एकजणही हलला नाही.

गेटवर अर्विड. म्हणाला, परत आत नाही. मी मूसचं डोकं काढलं. म्हणालो, अरे, मी आहे. तो म्हणाला, ते मला आधीच कळलं होतं साहेब. तिकीट? तिकीट कोटात. फोन कोटात. म्हणालो, बाबा रे, आत माझी मुलगी खेळतेय. तो म्हणाला, माझा भाऊ मघाशी बाहेर आला, त्यालासुद्धा सोडला नाही. त्याला वाईट वाटत होतं, पण आनंदही होत होता. दुसऱ्या गेटवर गेलो, तिथे शिंगं अडकली.

मग भिंतीला कान लावून उभा राहिलो. लाउडस्पीकरवर मध्येच ब्रिटाचं नाव ऐकू यायचं. तीनेकशे माणसं ओरडली की मीही ओरडायचो, चांगलं झालं की वाईट ते न कळता. शेवटच्या भागात लोक मला शोधत आले, निकाल द्या म्हणाले. डुकरवाल्याला स्नोमोबाइल दिली. तेवढ्यात आतून मोठा आवाज झाला. एक-शून्य, आपण जिंकलो. शेवटचा फटका ब्रिटाने अडवला म्हणतात, आडवं पडून. म्हणतात.

कोस्केला मॅडम वाटेत भेटल्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी रिंकच पार्किंगमध्ये घालू या. उत्तम सूचना, टिपून ठेवली.

ब्रिटा टीमबरोबर जेवायला गेली. अजून भेट नाही. झोप येत नाहीये.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी ब्रिटा घरी आली. गुडघा सुजलेला, चेहरा उजळलेला. कबूल करायचं ठरवून मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. तोंड उघडणार तोच ती गळ्यात पडली.

म्हणाली, बाबा, चकती पलीकडच्या टोकाला गेली की मी प्रत्येक वेळी वर बघत होते. आईशेजारी तू. मला वाटलं होतं, पहिल्या भागानंतर उठशील. पण तू हललासुद्धा नाहीस. हातवारे नाहीत, आरडाओरडा नाही, फोन नाही. एवढं शांत बसलेलं मी तुला कधीच पाहिलं नव्हतं रे. शेवटच्या फटक्याच्या आधी पण बघितलं. होतास. मग मला भीतीच वाटली नाही.

आणि रडायला लागली. आनंदाने.

मी लॉर्नाकडे बघितलं. ती पॅनकेक उलटत होती. मी म्हणालो, थंडी फार होती गं.

ब्रिटा झोपायला गेल्यावर लॉर्नाने सांगितलं. वाऱ्याने कोट सारखा पडत होता, म्हणून तिने तो खुर्चीला नीट बांधला, कोटाची टोपी उभी केली, मफलर गुंडाळला. बाकी काही तिच्या मनात नव्हतं. मी म्हणालो, उद्या ब्रिटाला खरं सांगतो. लॉर्ना म्हणाली, मुळीच सांगू नकोस, चार वर्षांत पहिल्यांदा तिला बाप मिळालाय.

तिने माझ्यापुढे पॅनकेक ठेवला आणि म्हणाली, पदवीचा समारंभ मे महिन्यात आहे. उकाडा असेल, कोट चालणार नाही. त्या दिवशी मात्र तुलाच यावं लागेल.