वाटीतल्या पाच शिंपल्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, या घरची थोरली सून, हे स्वहस्ते लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. नणंदबाईंनी तो आधी वाचावा, मग शंका काढाव्यात. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. असलंच तर माझं स्वतःचंच आहे.

१. यजमानांच्या मागे माझ्या नावावर झालेला घराचा खालचा मजला, स्वयंपाकघरासकट, मी धाकट्या जावेला देते. त्यावर इतर कुणाचा हक्क राहणार नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

२. बँकेतली ठेव पुतणीला, म्हणजे जावेच्या मुलीला. मला मूल नाही. औषधं वेळेवर तिनेच दिली. तिला मासे आवडत नाहीत, एवढाच तिचा दोष.

३. विळी आणि मासे तळायचा लोखंडी तवा जावेला. मोठं पातेलं नणंदबाईंनी बारा वर्षांपूर्वी "उद्या देते" म्हणून नेलं. ते त्यांच्याकडेच राहू दे. आता झाकणही न्यावं. मुठीला दोरा गुंडाळलेली छोटी सुरी मात्र कुणाला देऊ नये. मी ती दोनदा टाकायला निघाले आणि दोन्ही वेळा धुऊन परत ठेवली.

४. माझ्या पश्चात सगळे जेवायला एकत्र बसतील तेव्हा वकीलसाहेबांनी हे कलम मोठ्याने वाचावं.

सव्वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांचे मित्र जेवायला यायचे होते. शिंपल्या जावेने साफ केल्या. दोन शिंपल्या एकमेकींवर आपटून नुसत्या आवाजावरून ती मेलेली ओळखायची. शिजल्यावर पाच उघडल्या नाहीत, म्हणजे त्या खराब. त्या वाटीत काढून तिने मला बजावलं, "ताई, या टाकायच्या हं," आणि ती अंघोळीला गेली. मला वाटलं, रस्सा पुरणार नाही. टाकायचं जिवावर आलं. त्या सुरीने पाचही उघडल्या आणि रश्श्यात सोडल्या.

तो रस्सा खाऊन सासरे आठ दिवस दवाखान्यात होते. "शिंपल्या कुणी साफ केल्या?" सासूबाईंनी विचारलं. "मी," जाऊ म्हणाली. ते खरंच होतं. "मग आजपासून तू मासळीला हात लावायचा नाहीस." मी मूग गिळून गप्प बसले. सासरे बरे झाले, पुढे दोघंही वयाने गेले, तरी बंदी उठली नाही. ती उठवायची तर मला बोलावं लागलं असतं.

जाऊ मसाला वाटून द्यायची आणि उंबऱ्याशी उभी राहायची. वासावरून तिला कळायचं. "ताई, आता उतरवा," हळूच म्हणायची. मी उतरवायचे. "थोरलीच्या हाताला काय चव आहे!" म्हणत पाहुणे बोटं चाटायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचे. ती चव तिची होती. मला त्याची फार लाज वाटते.

दुरुस्ती, आजचीच. साक्षीला बोलावलेल्या शिंपीकाकांनी कलम चार वाचलं आणि चष्मा काढला. "वहिनी, ती पलीकडच्या खोलीत कपडे वाळत घालतेय. मेल्यावर कशाला सांगताय?"

मी तिला हाक मारली. तिने उभ्या उभ्याच वाचलं.

"वाटी मीच धुतली होती, ताई," ती म्हणाली. "रिकामी होती. कचऱ्यात पाहिलं, तिथेही शिंपल्या नव्हत्या."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

एवढं म्हणून ती उरलेले कपडे वाळत घालायला गेली.

म्हणून कलम चारमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द रद्द समजावेत, आणि वकीलसाहेबांनी तसदी घेऊ नये. येत्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावते आहे, नणंदबाईंनाही. मीच वाचेन. शेगडीपाशी यायचं की नाही, ते जावेने ठरवावं. मी उंबऱ्याशी उभी राहीन.

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपीकाका (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई (सही)
जावेची सही चालत नाही, असं वकीलसाहेब म्हणतात. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. पाहिलेलं मात्र तिनेच होतं.

स्थळ: स्वयंपाकघर, खालचा मजला
गुरुवार, ९ नोव्हेंबर

(सही)
थोरली