पडद्यावरचा डाग

हॅलिफॅक्स,
९ नोव्हेंबर

प्रिय आल्फेदादा,

तू आणि इर्मावहिनी बरे आहात ना, असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. मी ठीक आहे. वहिनीने भट्टीत भाजून पाठवलेली बटाट्याची रापी पोचली. कोंबडी भरपूर, मीठ नावाला. पथ्य तुझं आणि शिक्षा मला का, तेवढं तिला विचार. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या रेमीकडून सगळं कळलं. लॉबस्टरचा हंगाम उघडेल त्या दिवशी पिंजरे घेऊन तू स्वतःच निघणार आहेस, आणि औषधाचा पुढचा डोस नको म्हणून कळवलंस. गाठ वाढली, आता उगाच हात टोचून कशाला घ्यायचे, एवढंच पोराला बोललास म्हणे. त्यानंतर वहिनी माडीवर जाऊन रडली. तुला ते कळू न देण्याइतकी ती शहाणी आहे, मी नाही.

आता माझं थोडं ऐक. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसांतल्या गाठींचे काप बघते, हे तुला माहीत आहे. शरीरातल्या ज्या पेशींनी गाठीवर तुटून पडायचं, त्या पुष्कळदा तिच्या काठाशीच थबकलेल्या दिसतात. चर्चच्या हॉलमध्ये नाच रंगात आलेला असताना तू आणि तुझे दोस्त भिंतीला टेकून उभे राहायचात ना, तशा. गाठ त्यांना गप्प राहायची खूण करते आणि त्या बापड्या ऐकतात. तुझं औषध ती खूण त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही. मग कधीकधी त्या आत घुसतात, इतकी गर्दी करतात की गाठच सुजते. स्कॅनमध्ये ती गर्दी आणि कॅन्सर वेगळे ओळखता येत नाहीत.

लहानपणी हेरिंगच्या मोसमात तू मला बोटीवर नेलं होतंस. मासे हुडकायच्या यंत्राच्या पडद्यावर मोठा डाग दिसला आणि मी मासे, मासे करत नाचायला लागले. तू म्हणालास, “डाग कशाचाही असतो, ओदेत. जाळं टाकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.” आणि आता स्वतःच्या छातीतला डाग बघून जाळं न टाकताच माघारी वळलास. सुईने गाठीचा तुकडा काढायची वेळ डॉक्टरांनी दिली होती, तीही मोडलीस. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर धक्क्यावर तूच त्याची टर उडवली असतीस.

इथवर लिहून मी उठले आणि चहा केला, कारण पुढचं लिहायचं नव्हतं. वाढलेली गाठ बहुतेक वेळा खरोखरच वाढलेली असते, दादा. नुसती सूज क्वचितच निघते. वहिनीला मी फक्त सुजेचं सांगितलं, आणि तिचा आवाज इतका हलका झाला की पुढे माझी जीभ रेटेना. तुला सांगते, कारण तू माझं खोटं बोलणं लगेच पकडतोस. तू मरणाला भीत नाहीस. पुन्हा आशा धरायला भितोस. मीही भिते. आपल्या माणसाचा काप आपण बघायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तुझा आला की माझ्या शेजारी काम करणारी प्रिसिला मला खोलीबाहेर काढेल, आणि बाहेर बाकावर बसण्यापलीकडे मला काहीही करता येणार नाही.

मंगळवारची वेळ मी डॉक्टरांना तुझ्यासाठी राखून ठेवायला लावली आहे. शिव्या मागाहून दे. आधी सुई टोचून घे. नुसता कॅन्सरच निघाला, तर औषधाचं नावसुद्धा काढणार नाही. रजा टाकून येईन, पिंजऱ्यांत आमिष भरीन, उलट्या करत का होईना पण तुझ्या बोटीवर राहीन. पण भिंतीला टेकलेली ती तुझीच माणसं गाठीच्या आत पोचून झुंजत असतील आणि तू त्यांना तिथे सोडून समुद्रावर निघून गेलास, तर ते मला सोसणार नाही.

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलच्या दारात उभी असेन. तू ये.

जिला दुसरा भाऊ नाही, ती तुझी
ओदेत