बाईच्या पोटाला लंघन

प्रिय आत्याबाई,

'प्रिय' लिहिलं खरं, पण मनातून नाही. सातवीपर्यंतच्या शाळेत सासूला पत्र कसं लिहायचं ते शिकवलंच नव्हतं. आज लिहायला बसले, कारण तुमची लेक माहेरी आलीय. दारात येईल त्या बाईला वन्सं सांगतायत, "आमच्या आईची सेवा करावी ती कुसुमनंच." चार दिवस ऐकतेय. खरं काय ते तुम्हाला आणि मला ठाऊक. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला.

गेल्या साली विहिरीनं तळ गाठला, गाळाचं पाणी प्यालो आणि अख्ख्या गल्लीला हगवण-उलट्या लागल्या. आधी तुमचा लेक पडला. तुम्ही कमरेची किल्ली काढून ट्रंक उघडलीत. तुमच्या भावानं भंडारदऱ्याकडून आणलेला तांदूळ होता त्यात. आपल्या ज्वारीच्या मुलखात, त्यात दुष्काळात, तांदूळ म्हणजे औषधच. "मऊ शिजीव. मीठ घाल, तूप नगं," म्हणालात. दोन दिवसांत हे उठून बसले.

मग मी पडले. मी भात मागितला नाही, ह्यांच्या पातेल्यातली उरलेली पेज मागितली. काय म्हणालात, आठवतंय? "बाईच्या पोटाला लंघनच बरं. आमच्या सासूनं आमाला असंच बरं केलं." आणि माझ्यादेखत ती पेज शेळीला ओतलीत.

चौथ्या दिवशी तांबड्या मिलोची कोरडी भाकरी पुढ्यात टाकलीत. रेशनची ती ज्वारी धडधाकट माणसाला पचत नव्हती. मी आणखी आठ दिवस अंथरुणाला खिळले. तुम्ही गल्लीभर सांगितलंत, "रस्त्याच्या कामावर जाया नगं, म्हनून लोळतीय."

महिन्याभरानं तुम्हीही त्याच दुखण्यानं पडलात. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, लिहूनच टाकते.

किल्ली तुम्ही स्वतः माझ्या हातात दिलीत. "कुसमे, वाईच भात टाक गं." लग्नाला सहा वर्षं झाली होती, 'गं' पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणाले, "आत्याबाई, बाईच्या पोटाला लंघनच बरं." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. पाणीसुद्धा मी घोट-घोटच दिलं. हे कामावरून आले की विचारायचे, "आईनं काय खाल्लं का?" मी म्हणायचे, "नको म्हणतात." असे दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी शेवगावहून डॉक्टर आणला. नाडी बघून तो माझ्यावरच उखडला. "उपाशी का ठेवलंत? मीठ-साखरेचं पाणी, पातळ पेज, मग मऊ भात, थोडं थोडं देत राहायचं असतं. पोट रिकामं ठेवून कुणी बरं होतं का?" हे माझ्याकडे बघायला लागले.

आणि तुम्ही बोललात. ओठ फुटलेले, आवाज नाही. "तिला नगा बोलू. मीच न्हाई म्हनले. आमच्यात बाया लंघनच करत्यात."

का म्हणालात तसं? मला वाचवलंत, की मरतानाही आपलाच शब्द वर ठेवलात? मी दुसरंच धरून चालते. तुम्ही कुणाला वाचवणाऱ्यातल्या नव्हतात. आणि वाचवलंच असेल, तर फार वाईट केलंत माझं. त्यापेक्षा पोराला खरं सांगितलं असतंत तर मी मार खाऊन मोकळी झाले असते.

डॉक्टर गेल्यावर ट्रंक उघडली. निम्मा तांदूळ किड्यांनी खाल्ला होता. त्यांना लंघन नव्हतं. उरलेला निवडला, पेज केली, चमच्यानं तुमच्या तोंडात घातली. ती ओघळून उशीवर आली. संध्याकाळी तुम्ही गेलात.

दुखण्यानं गेलात की माझ्या हातानं, हे मी वर्षभर स्वतःला विचारतेय. वन्सं 'सेवा' म्हणाल्या की घास उतरत नाही. तरी माफी मागायला हे पत्र नाही. तुमच्याकडून मला कुणी माफी आणून दिली होती?

एक वचन मात्र देते. ट्रंकेचं कुलूप मी विहिरीत टाकलंय. ह्या घरात बाई आजारी पडो की बाप्या, पहिल्या दिवशी पेज मिळेल आणि दुसऱ्या दिवशी मऊ भात. तुम्ही याच घरात पुन्हा जन्माला येऊन आजारी पडलात, तर तुम्हालाही देईन. पण सगळ्यांचं झाल्यावर, पातेल्यात उरलं तर.

तुमची सून,
कुसुम