टाचेवरून आई ओळखण्याचा प्रयोग

३ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. स्वतःला थापा मारायच्या नाहीत.
प्रयोगाचं पक्कं झालं. गोष्ट लहानपणी आईनेच सांगितलेली: गर्दीत आई हरवलेला मुलगा डोळ्यांवर पट्टी बांधून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दाबतो आणि टाचेवरून तिला ओळखतो. अंधारी खोली, पायाखाली ओली माती, प्रेक्षक एकेक करून आत. मी पाय दाबून म्हणणार, 'ही नव्हे.' मेंदू विसरतो, हात विसरत नाहीत. हाच कन्सेप्ट.

९ मार्च
ताईचा फोन. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोनदा माझी चौकशी केली म्हणे. जायलाच हवं. पण सराव अर्धवट. शेजारच्या शिंप्याचे पाय दाबून पाहिले, त्याला गुदगुल्या होतात. रविवारी नक्की.

१५ मार्च, रविवार
गेलो नाही. माती वाळली, दुसरी आणावी लागली. मन खात होतं म्हणून फोन केला. आईच म्हणाली, तुझं काम आधी. आता तिनेच सांगितल्यावर माझा काय इलाज?

२० मार्च
पत्रकावर 'दिवंगत आईस अर्पण' छापून आलंय. मी 'हरवलेल्या' लिहून दिलं होतं. छापखानेवाल्याने परस्पर सुधारलं. बदलायला वेळ नव्हता.
वेळ होता. 'दिवंगत' जास्त भिडतं, असं वाटलं. शी.

२८ मार्च, संध्याकाळी ७
हाऊसफुल्ल! एकेचाळीस जणांचे पाय. त्यात एक पाऊल सुजलेलं, टाचेला भेगा. काय टेक्स्चर! जरा जास्तच वेळ दाबलं. बाई हूं की चूं नाही. 'ही नव्हे' म्हणताना माझाच आवाज भरून आला. दाराशी कुणीतरी हुंदका दिला. आजवरचं माझं सर्वोत्तम काम.

२९ मार्च, दुपार
ताईचा फोन. हुंदका तिचा होता.
आई काठी टेकत दोन जिने चढून आली होती. पत्रक तिने वाचलं. म्हणाली, छापणाऱ्यांच्या चुका होतात. मला हे सांगायचं नाही, अशी तिची ताईला ताकीद होती. मला माझी लाज वाटते. हे तरी खरं लिहितो.
पाय फार हलके झाले म्हणे. आज पुन्हा आलं तर चालेल का, असं आईने विचारायला सांगितलंय.
मी म्हणालो, आज हाऊसफुल्ल आहे.