वाइनच्या मुलखाचा तुलनात्मक तक्ता

४ सप्टेंबर, सोमवार

आज जेवताना भिंगरीने जाहीर केलं. अठ्ठावीसला विमान. दोन वर्षांची नोकरी, समुद्रापलीकडे. आमची एकुलती एक लेक. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून भिंगरी, आता थेट तिकडेच फिरणार. मी अभिनंदन केलं आणि परत भात वाढून घेतला. भूक नव्हती.

मग म्हणाली, तेवीस ते पंचवीस सलग सुट्टी आहे, तर जायच्या आधी आपण तिघं गाडी काढून कुठेतरी जाऊ या. कुठेतरी म्हणजे काय? असं काही ठिकाण नसतं. मी तिथल्या तिथे सुचवलं: वाइनचा मुलूख. हिचा भाऊ गेल्या वर्षी जाऊन आला आणि तेव्हापासून प्रत्येक भेटीत पेला उजेडात धरून बघतो. पाण्याचासुद्धा.

मुलूख निवडायचं काम माझ्याकडे घेतलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. विश्वास असला की माणसं अशी हसतात.

५ सप्टेंबर, मंगळवार

एका दिवसात गाडीने पोचता येतील असे तीन मुलूख आहेत. नदीचं खोरं, डोंगरउतार आणि तळ्याकाठ. तीन म्हणजे उत्तम. खरेदी विभागात अठरा वर्षं काढली ती उगाच नाही. तीन प्रस्ताव मागवायचे, तुलनात्मक तक्ता करायचा, वर सही. या पद्धतीने माझ्या टेबलावरून एकही चुकीची वस्तू ऑफिसात आलेली नाही. मागे पंखे घ्यायला चौदा महिने लागले आणि ते आले तेव्हा कडाक्याची थंडी होती, हे खरं. पण पंखे बरोबर होते.

संकल्प: आठवड्याभरात निर्णय.

७ सप्टेंबर, गुरुवार

निकष ठरवले. एकूण एकोणीस. अंतर, वळणं, वाटेतले पेट्रोल पंप, पार्किंगला सावली, गादीचा कडकपणा, उतारावर गाडी लावल्यास हँडब्रेकवर येणारा ताण इत्यादी. वाइन अकराव्या क्रमांकावर.

बेरीज: खोरं ७१, डोंगर ७१, तळं साडेसत्तर. पुन्हा केली. खोरं ७०, डोंगर ७०, तळं ७०. याला म्हणतात चुरस. संध्याकाळभर हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या. ही म्हणाली, एवढ्या चालण्यात तिन्हींपैकी एका ठिकाणी पोचला असतात.

९ सप्टेंबर, शनिवार

अकराव्या निकषाचा अभ्यास. तिन्ही मुलखांची एकेक बाटली आणली. दुकानदाराने सांगितलं की आधी पेला फिरवायचा, मग वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. घरात तसले पेले नाहीत, म्हणून स्टीलची भांडी घेतली. फिरवताना शर्टाची बाही गेली.

नोंदी. खोरं: आंबट. डोंगर: आंबट. तळं: आंबट, पण जरा उशिराने.

थुंकणं काही जमलं नाही, चांगल्या वस्तूची नासाडी बघवत नाही. खोऱ्याची शंका आली म्हणून पुन्हा घेतली. मग डोंगराची. दुपारी चार ते साडेसहा विश्रांती. उठल्यावर पाहिलं तर तक्त्याच्या अकराव्या रकान्यात माझ्याच अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, ते वाचता येत नाही. भिंगरीने प्रयत्न केला. तिच्या मते ते बदक आहे.

१० सप्टेंबर, रविवार

तिन्ही मुलखांतल्या एकेका मळेवाल्याला रीतसर पत्रं ईमेलने पाठवली. जावक क्रमांक घातला. आपला प्रस्ताव अठरा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी पोचावा, उशिरा आलेल्याचा विचार होणार नाही.

तासाभरात खोऱ्यातल्या बाईंचा फोन. म्हणाल्या, अहो, सुट्टीची एकच खोली उरलीय, तिघांना पुरेल, खिडकीतून मळा दिसतो, ठेवू का तुमच्या नावावर? मी शांतपणे समजावलं की तोंडी प्रस्ताव ग्राह्य नाही. मग म्हणाल्या, बरं, बघा तुमचं.

बाई चांगल्या वाटल्या. पण आवाजावरून गुण देता येत नाहीत.

१२ सप्टेंबर, मंगळवार

मेहुण्याचा फोन. म्हणे डोळे मिटून खोऱ्यात जा, तिथली माती जिभेवर येते. माती खायला एवढ्या लांब कशाला? खोऱ्याचे दोन गुण कापणार होतो, पण मग तो पक्षपात झाला असता. कापले नाहीत. नंतर एक कापला.

ही म्हणाली, कुठलं तरी एक धरा आणि मोकळे व्हा, पोरगी चाललीय. मी म्हटलं, उतावीळपणा करून माणूस पस्तावतो. ही म्हणाली की लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ते तिला आता कळतंय. विषयाला धरून बोलत नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

हॉलमध्ये दोन सुटकेसा उघड्या पडल्या आहेत. जाता-येता पायाला लागतात. त्या बघितल्या की बसवत नाही. आज तीनदा गच्चीवर जाऊन आलो, काही काम नसताना.

भिंगरी चहा घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, बाबा, नवीन ऑफिस विचारतंय, चार-पाच दिवस लवकर येशील का. आपलं तेवीसचं नक्की असेल तर मी त्यांना नाही म्हणून कळवते. नक्की आहे ना?

मी खरं ते सांगितलं. प्रक्रिया चालू आहे, अठरापर्यंत प्रस्ताव यायचेत, आत्ताच नक्की कसं म्हणणार? ती म्हणाली, लेखी नको रे, नुसतं तोंडी सांग. मी म्हटलं, तोंडी तर त्याहून वाईट, तोंडी शब्दाला आधार काय?

मग बरं म्हणाली आणि कप घेऊन गेली. मी अजून चहा प्यायलो नव्हतो.

१६ सप्टेंबर, शनिवार

पहाटेच जाग. निकष एकवीस केले. गाडी धुतली. हवा भरून आणली. डिकीत छत्री, दोरी, टॉर्च, प्रथमोपचार. मागची सीट झटकली तर फटीतून तिची जुनी रंगीत पेन्सिल निघाली, चौथीतली असावी. खिशात ठेवली.

आता फक्त कुठे जायचं तेवढंच बाकी. म्हणजे तयारी नव्वद टक्के.

१८ सप्टेंबर, सोमवार, संध्याकाळी ५ वा. ५ मि.

मुदत संपली. डोंगरवाल्यांचं पत्र आलं, खोली आहे. तळ्यावाल्यांचा ईमेल आला, खोली आहे. खोऱ्याकडून काही नाही. फोन केला तर बाई म्हणाल्या, ती खोली आठवड्यापूर्वीच गेली.

म्हणजे प्रस्ताव दोन. इथे घोडं अडलं. तीनपेक्षा कमी प्रस्ताव आले की प्रक्रिया रद्द करून नव्याने मागवायची, हा नियम आहे. दोनमध्ये तुलना होत नाही, नुसती आवडनिवड होते. दोघांनाही तसं कळवून टाकलं. नवी मुदत एकवीस.

जेवताना निर्णय सांगितला. हिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, दोन ठिकाणी जागा होती आणि तुम्ही दोन्ही सोडल्यात? मी म्हटलं, सोडल्या नाहीत, रद्द केल्या. ही म्हणाली, अहो, आपण फिरायला चाललोय, तुमच्या ऑफिससाठी पंखे घेत नाहीयोत.

भिंगरीने ताट उचललं, खोलीत गेली, दार लावून फोनवर बोलत होती. तिला नियमाचं महत्त्व पटलं असावं. ती माझ्यावर गेली आहे.

१९ सप्टेंबर, मंगळवार

भिंगरीने तिकीट बदललं. तेवीस, शनिवार, सकाळचं विमान.

मी विचारलं, आणि आपली ट्रिप? ती म्हणाली, बाबा, ट्रिप कुठे होती? अगदी शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

ही माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी भिंगरीमार्फत मागते. शनिवारनंतर कुणामार्फत मागणार, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

माझी चूक शोधून पाहिली. चौदा तारखेला मी दिलेलं उत्तर अक्षरशः बरोबर होतं. काही ठरलेलं नव्हतंच. ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रक्रियेत कुठेही त्रुटी नाही. तरी संध्याकाळी पुन्हा गच्चीवर जाऊन आलो.

२१ सप्टेंबर, गुरुवार

नवी मुदत संपली. प्रस्ताव शून्य. डोंगरवाल्यांनी एका ओळीत कळवलं की आता जागा नाही आणि पुढच्या वर्षीही नसेल.

भिंगरीला म्हटलं, उद्या तरी दिवसाभरासाठी जवळपास कुठे जाऊ या. तिला उद्या जुन्या ऑफिसात निरोपाचं जेवण आहे. ते त्यांनी महिन्यापूर्वी ठरवलं होतं. लोकांना कसं जमतं कोण जाणे.

२३ सप्टेंबर, शनिवार

विमानतळ बावन्न मिनिटांवर आहे. मी लांबच्या रस्त्याने नेलं, चौसष्ट मिनिटं झाली. कुणी का म्हणून विचारलं नाही.

डिकीत एक सुटकेस, दुसरी मागच्या सीटवर. उरलेल्या जागेत ही, मांडीवर सॅक घेऊन. भिंगरी पुढे माझ्या शेजारी. फोनवर रस्ता बघत होती, वळणं सांगत होती. पट्टा लावून ताठ बसलेली. मोठ्या माणसांसारखी.

दाराशी मी पासपोर्टची तीनदा आठवण केली. चौथ्यांदा करायच्या आत तिने मिठी मारली. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, पोचल्यावर लेखी कळव. दोघीही हसल्या, मग ही रडायला लागली. माझ्या डोळ्यात बहुतेक एसीची हवा गेली.

परत येताना समोरून गाड्यांची रांग. टपावर सामान, खिडक्यांतून हात बाहेर. अख्खं गाव कुठे ना कुठे चाललं होतं.

२४ सप्टेंबर, रविवार

भिंगरीचा फोन आला. पोचली. खोली छोटी आहे पण ऊन येतं.

मी म्हटलं, तुला एक सांगायचंय, मी ठरवलं. खोरं. पुढच्या वेळी येशील तेव्हा खोऱ्यातच जायचं, तक्ताबिक्ता काही नाही. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती म्हणाली, बाबा, मला वाइन आवडतच नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकवीस निकषांत तिला विचारायचं राहून गेलं होतं. मग विचारलं, तुला कुठे जायचं होतं?

म्हणाली, कुठेही रे. मला मागच्या सीटवर आडवं पडून जायचं होतं. तू आणि आई पुढे रस्त्यावरून भांडता ना, तेव्हा जशी झोप लागते तशी मला कुठेच लागत नाही.

मी म्हटलं, मग आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, तू लेखी मागितलं असतंस. हसली. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला.

दुपारी खाली गेलो. गाडीत मागच्या सीटवर आडवा झालो. पाय मावत नाहीत, गुडघे छातीशी घ्यावे लागतात. बराच वेळ तसाच होतो. ही शोधत खाली आली, काचेतून बघितलं, पुढे येऊन बसली. मग भांडायला लागली. पाच दिवसांचं सगळं एकदम. तळ्याकाठी जागा होती म्हणाली, डोंगरावर होती, खोऱ्यातली बाई बिचारी आपणहून फोन करत होती.

मी डोळे मिटून ऐकत राहिलो. झोप काही लागली नाही.