सिन्नेचा पाठमोरा फोटो

३ जून
पोचलो एकदाचे! बोटीतून उतरताच माझ्या लेकीनं, तिरिलनं, पहिली चौकशी केली ती इथे वॅफल मिळतात का, याची. मिळतात. समोरच्या बोर्गहिल्डबाई ताटलीभर घेऊन दारात उभ्याच होत्या, वर तपकिरी चीजचे जाड काप. ऑगस्टपासून मी इथल्या शाळेत शिकवणार हे अख्ख्या बेटाला आधीच ठाऊक, त्यामुळे मी आल्या आल्या 'मास्तर' झालो. हे घर बाईंचंच. त्यांचे यजमान आर्नुल्फ बेटावरचे फोटोग्राफर होते, आता नाहीत.

सहा वर्षांच्या ऐटीत तिरिलनं वरची खोली पटकावली. माझी बायको सिन्ने गेल्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर आज पहिल्यांदा पोरीला जिन्यात धावताना ऐकलं आणि फार बरं वाटलं. इतक्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तेव्हा झोपेचं खोबरं होणार हे उघड आहे.

५ जून
तळघरात आर्नुल्फची फोटो छापायची डार्करूम जशीच्या तशी आहे. निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणारा एन्लार्जर, ट्रे, लाल दिवा, आणि फोटोच्या कागदाचं एक पाकीट, मुदत वीस वर्षांपूर्वी संपलेली. मला तर लॉटरीच लागली.

बाई म्हणाल्या, वापर की, पण माणसं छापू नकोस. आर्नुल्फ शिळ्या कागदावर फक्त डोंगर आणि बोटी छापायचा. का, तर शिळा कागद माणसांना धड ठेवत नाही म्हणे. "अरे, तो मासासुद्धा वार बघून खायचा," म्हणाल्या, "त्याचं काय घेऊन बसलास!" दोघंही हसलो.

माझ्याजवळ एक निगेटिव्ह आहे. शेवटच्या उन्हाळ्यातली. धक्क्यावर सिन्ने पाठमोरी, समुद्राकडे बघत. तिच्यापासून हातभर अंतरावर चार वर्षांची तिरिल, मला जीभ दाखवत. पंधरा दिवसांनी सिन्ने गेली. त्या दिवशी मी हाक मारली असती तर ती वळली असती. मारली नाही. ही निगेटिव्ह छापायचा धीर आजवर झाला नव्हता.

८ जून
पाकिटात चारच कागद धड निघाले. इतका जुना कागद सुस्त होतो, दहा सेकंदांच्या जागी चाळीस सेकंद उजेड द्यावा लागला. कडा धुरकट आल्या, पण काळ्या रंगाला अशी ऊब आहे की नव्या कागदात ती शोधूनही सापडायची नाही. फोटो पक्का करायचं रसायन, हायपो, ताजं हवं तर बोटीनं जावं लागतं, म्हणून आर्नुल्फच्या बाटलीतलाच वापरला. मेलेल्या हायपोत फोटो पक्का होत नाही, हे मीच फोटोग्राफीच्या वर्गात मुलांना बजावत असतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

एक गंमत झाली. फोटोत सिन्नेचा कान दिसतो, कानातली चांदीची कडी दिसते. निगेटिव्हमध्ये नुसते केस आहेत. डोळे थकले असतील. झोप नाहीच ना.

१० जून
दुसरा छापला. गाल दिसतोय. तिसरा छापला. नाकाचा शेंडा, आणि ओठांचा कोपरा, हसण्याआधी वर जायचा तसा.

खाली बसून रडलो. घाबरलो नाही, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. आनंदानं रडलो. ती वळतेय. निगेटिव्ह भिंगातून तीनदा पाहिली, तिथे ती पाठमोरीच आहे.

१२ जून
दोरीवर वाळत टाकलेले तिन्ही फोटो बदललेत. तिन्हींत आता ती तेवढीच वळली आहे. हायपो मेलेला, म्हणून फोटो थांबत नाहीत. तेवढंच नाही. तिचा हात पुढे आलाय. तिरिलच्या मनगटावर.

तिरिल न्याहारीला म्हणाली, बाबा, हा हात गारच आहे, गरमच होत नाही. मनगटावर चार निळसर बोटं उमटली होती. जिन्यावर आपटला असेल, म्हणालो. खोटं बोललो.

१४ जून
झोप नाही. खिडकीला घोंगडी लावली तरी उजेड आत येतोच.

फोटोत तिरिलनं जीभ आत घेतली आहे. तोंड उघडं आहे, पण हसू नाही. सिन्ने तिला पाण्याकडे ओढतेय.

फोटो जाळायचे ठरवलं. एकाची कड चुलीत धरली, आणि वरून तिरिलची किंकाळी. धावलो. तिच्या बोटाला फोड आलेला. जाळता येत नाहीत. ताज्या हायपोत घालून थांबवलं, तर पकड तशीच कायमची राहील.

१५ जून
बाईंना सगळं सांगितलं. हसल्या नाहीत. आर्नुल्फनं बुडालेल्या भावाचा फोटो असाच छापला होता, भावाशेजारी घरचं कुत्रं उभं होतं. कुत्र्याचं काय झालं ते सांगेनात. म्हणाल्या, तीच निगेटिव्ह नव्यानं छाप, उजेड देताना दोघींपैकी एकीवर सावली धर, म्हणजे ती कागदावर उतरणारच नाही. मग ताज्या हायपोत पक्का कर. जे पक्कं होईल तेच राहतं, बाकीचे फोटो आपोआप मरतात.

निघताना त्यांनी माझी बाही घट्ट धरली. "मास्तर, मेलेलीला झाक. हात हलू देऊ नकोस."

१६ जून, सकाळ
हायपो आणला. कागद एकच उरलाय. तारेला पुठ्ठ्याची चकती बांधली, सिन्नेच्या मापाची. तिला पुसायचं, तेही मीच.

तिरिल लाल स्वेटर घालून डार्करूमबाहेर पायरीवर बसली आहे. आत उजेड येऊन चालत नाही, दार उघडता येत नाही, म्हणून गातेय, म्हणजे ती आहे हे मला कळत राहील. स्वतःच रचलेलं, बगळ्याचं गाणं. तिचा हात कोपरापर्यंत गार पडलाय.

१६ जून
लाल दिव्यात लिहितोय. एन्लार्जर लावला आणि— निगेटिव्हमध्येही ती वळली होती. पूर्ण. सिन्ने माझ्याकडे बघत होती. दोन वर्षांनी. डोळ्याखालचा तो तीळ मी विसरलो होतो, कसा विसरलो—

चाळीस सेकंद. दहापर्यंत चकती तिच्यावर होती. मग वाटलं, तिरिलला झाकलं तर तिरिल फोटोतून सुटेल, पकडीतूनही सुटेल, दोघीही— एवढंच वाटलं. मी हात सरकवला. मीच सरकवला.

फोटो वर येतोय. सिन्ने हसतेय. किती सुंदर— तिचा हात खाली गेलाय, आणि हाताखाली पांढरं. लहान मुलाच्या उंचीचं पांढरं.

हायपोत टाकला. दोन मिनिटं झाली. पक्का झाला.

बाहेर गाणं थांबलंय.

दार उघडलं. पायरीवर एक लाल स्वेटर, अजून गरम. कुणाचा? इतका लहान. कुणीतरी गात होतं मघाशी, बगळ्याचं काहीतरी, मला नाव घेऊन हाक मारायला हवी, नाव मला येतं, मीच ठेवलं होतं, ति—