मामाचं ‘अहो’

ताई,

मामा बॅग भरायला लागला तर त्याची एक चप्पल लपव. दुपारच्या गाडीने जायचं म्हणतोय. घरी काम निघालंय, असं तुला सांगेल. काम काही नाही, खरं कारण मी आहे.

काल त्याला शहर दाखवायला मी नेलं खरं, पण दाखवलं त्यानेच. माझ्या ऑफिसच्या गल्लीत एका सज्ज्याखाली दगडी पोपटांची रांग आहे, तुला माहीत होतं? मी इतकी वर्षं तिथून मान खाली घालून जातोय. मामाने भर रस्त्यात त्या पोपटांना शीळ घातली. येणारेजाणारे वर बघायला लागले, मीही बघत राहिलो. छान वाटत होतं गं. तेवढ्यात समोरून आमचे साहेब आले. म्हणाले, “हे कोण?”

मी म्हणालो, “ओळखीचे आहेत, बाहेरगावचे.”

शीळ तिथेच थांबली. तेव्हापासून मामा मला ‘अहो’ म्हणतोय. “अहो, रस्ता कुठून?” “अहो, तुम्ही आधी जेवून घ्या.” तुला वाटलं, थट्टा चाललीय. तुझ्यासमोर मीही हसलो.

साहेबांना गाठायला लवकर निघालोय. जेवणाच्या सुट्टीत त्यांना पोपटांखाली आणून उभं करतो. तू मामाला घेऊन ये. ‘हा माझा सख्खा मामा’ हे मला त्याच्या देखत सांगायचंय.

येत नाही म्हणाला तर ही चिठ्ठी वाचून दाखव. ऐकून ‘अरे गाढवा’ म्हणाला, तर ताबडतोब फोन कर.